सुमेर्से, जेवलात का

सोमवार, ५ मे

निदियाने तिची शाळेतली अर्धी कोरी वही माझ्या पुढ्यात टाकली. "मावशी, मनातलं गिऱ्हाइकांना सांगत बसण्यापेक्षा यात लिहीत जा." बहिणीची पोर आहे, अक्कल शिकवते. पण खोटं बोलली नाही. मी गिऱ्हाइकाला सांगते, ते शेजारच्या गाळ्यावरची कुस्तोदिया ऐकते, आणि कुस्तोदियाने ऐकलं की दुइतामाच्या अख्ख्या मंडईला कळतं. म्हणून लिहिते. तीन यत्ता शिकलेय, अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे. कोणाला दाखवायचं नाही, तेव्हा चालेल.

आजचं असं. सकाळची गर्दी, मी बटाटा-अंड्याचा पातळ रस्सा, काल्दो, वाढतेय, हात भाजतोय, आणि कुस्तोदिया पलीकडून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडली, "एदेल्मिरा! तुझा माणूस फोनवर बायका शोधतोय गं! माझ्या जावेने बघितला!"

मी म्हटलं, "बघू दे. त्याला दिसतं का तरी बघू."

लोक हसले. मग मी तोंड धुवायच्या निमित्ताने मागे गेले आणि परत येऊन हळूच विचारलं, "कुठल्या ॲपवर?"

"ते नाही बाई विचारलं. किती असतात?"

निदिया म्हणते पुष्कळ असतात.

माझ्या नवऱ्याला, मिसाएलला, घर सोडून दुसरं वर्ष लागलं. भांडण नाही, तंटा नाही. मी मंडईत होते, तो कपडे आणि रेडिओ उचलून गेला. रुआना मात्र खिळ्यावर राहिली. जाड लोकरीची, डोक्यातून अंगावर घ्यायची, सासूने विणलेली. विसरला असेल. कपाटात ठेवली तर कसर लागते, म्हणून ती खिळ्यावरच आहे.

तो परत आलेला मला नकोय. हे इथे नीट लिहून ठेवते. मला फक्त त्याला पकडायचं आहे.

गुरुवार, ८ मे

दुपारी गाळा बंद करून निदियाबरोबर बसले. पहिलं ॲप बोटाचं. पुरुषाचा फोटो येतो, हवा असला तर उजवीकडे ढकलायचा, नको असला तर डावीकडे. मंडईत बटाटे असेच निवडतात, पण बटाटा निदान दाबून तरी बघता येतो.

पुरुष सगळे एका साच्यातले. एक मोटारसायकलवर, एक उघडा, एक मेलेला मासा धरून. मासा जास्त ताजा वाटत होता. एका फोटोशी थांबले. आमचाच खाटीक! वय पंचेचाळीस लिहिलंय. माझ्या वर्गात होता मेला, माझ्याआधी नापास झालेला.

या ॲपचं एक बरं आहे, माणूस किती लांब आहे ते सांगतं. खाटीक तीनशे मीटरवर होता, म्हणजे गाळ्यावरच. सुरी हातात धरूनच ढकलत असणार.

मिसाएल नाही. निदियाचा अंगठा दुखला. म्हणाली, "मावशी, काका सापडले तर काय करणार?"

"थोबाडीत देणार."

"फोनमधून?"

सोमवार, १२ मे

दुसरं ॲप. इथे बाईनेच आधी बोलायचं, तोवर पुरुषाला तोंड उघडता येत नाही. निदियाला हे फार सुधारलेलं वाटतं. मी म्हटलं, माझ्या घरात पंचवीस वर्षं हेच चाललं होतं, आधी मी, मधे मी, शेवटी मी. त्याला ॲप कशाला लागतं? मिसाएलसाठीच काढलंय जणू. हा इथेच सापडणार असं मनाने घेतलं.

नाही सापडला. इथे सगळे तुन्हा शहरातले वकील आणि दातांचे डॉक्टर. हसताना सगळे दात दाखवतात.

नाव घालताना विचारलं, "तुम्ही काय शोधता?" खाली पर्याय होते, मैत्री, गप्पा, गंभीर नातं, अजून ठरलं नाही. मी निदियाला म्हटलं, लिही, नवरा. ती पोट धरून हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी नवराच शोधतेय.

शनिवार, १७ मे

सापडला.

तिसरं ॲप, देवाधर्माचं. उघडलं की आधी एक प्रार्थना येते, मग पुरुष येतात. घटस्फोटवाले, विधुर, सेमिनरीतून पळालेले. पहिल्या दोन ॲपांपेक्षा माणसं बरी, निदान कपडे घातलेली. हे सगळ्यात हळू चालतं, कोण किती लांब आहे तेही सांगत नाही. मी कंटाळून बंद करायला सांगणार, तेवढ्यात तो आला.

मिसाएल, अठ्ठावन्न. सोगामोसो. खाली लिहिलंय, "विधुर. सायकलच्या शर्यती आणि शांतता आवडते."

विधुर!

मला मारलं. जिवंतपणी पुरलं आणि वर शांतता आवडते म्हणून लिहिलं.

फोटो निदियाच्या पहिल्या प्रसादाच्या दिवसाचा. चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं उभे होतो. त्याने मला कापून टाकलंय. पण नीट कापायचं जमलेलं नाही, त्याच्या खांद्यावर माझा हात राहिलाय. चार बोटं, आणि मनगटावर तेलाने भाजल्याचा डाग. माझाच डाग. कुणाचा हात आहे असं त्या बायकांनी विचारलं तर काय सांगत असेल? मेलीचा?

निदिया म्हणाली, "मावशी, पुढचा दाखवू?" मी म्हटलं, फोन ठेव. मग म्हटलं, दे परत.

मंगळवार, २० मे

सरळ सोगामोसोला जाऊन गाठू शकते, बसने कितीसं लांब आहे. पण गाळा कोण बघणार? आणि गेले तर त्याला वाटेल मी त्याच्यासाठी आले. त्यापेक्षा हे बरं. निदियाकडून एक बाई बनवून घेतली.

नाव यादिरा. सांता मार्ताची, वय बावन्न, इकडे डोंगरात कामासाठी आलेली. फोटो पाठमोरा, समुद्राकडे तोंड करून उभी. कुठूनसा काढला. कंबर बरी आहे.

निदियाने मला बजावलं. "मावशी, एक लक्षात ठेव. किनाऱ्याची माणसं सगळ्यांना तू म्हणतात. म्हाताऱ्यालाही, पाद्र्यालाही. तुझं ते सुमेर्से चुकूनसुद्धा लिहू नकोस. एकदा लिहिलंस की संपलं. ते फक्त आपल्या बोयाकात म्हणतात."

मला काय सांगते? आमच्याकडे जुन्या घरांत नवऱ्याला तुम्ही, लेकराला तुम्ही, कुत्र्यालाही "बाहेर व्हा" म्हणतात. आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला सुमेर्से. बाजारात चढवून बोलायचं असलं तरी सुमेर्से, गिऱ्हाईक खूश होतं. किनाऱ्याची माणसं या शब्दाला हसतात, म्हणतात डोंगरातले लोक अजून मालकाला हाक मारतात.

पहिला संदेश पाठवला. "काय रे, कसा आहेस?" मिसाएलला काय रे! तीनदा पुसलं आणि लिहिलं. हसू आलं म्हणून.

गुरुवार, २२ मे

उत्तर दिलं त्याने. "बरा आहे. तू?" तूवर आलाय. पंचवीस वर्षांत मला एकदा तू म्हणाला नाही.

फार लिहीत नाही. सोगामोसोला टायरच्या गोदामावर राखण करतो. दुपारी रेडिओवर सकाळची शर्यत परत लावतात, ती ऐकतो, इटलीत चाललीय ती. बोयाकाचा एक पोरगा पुढे आहे म्हणे. यादिराला त्याचं काय? मी लिहिलं, "वा रे वा, छान." असलं काहीतरी किनाऱ्याचं.

तो लिहितो, मी उत्तर देते, निदिया चुका दुरुस्त करते. पण निदियाला दुपारी कॉलेज असतं. उद्यापासून माझं मीच लिहीन. जमतं.

रविवार, २५ मे

मिसाएल मूर्ख आहे आणि मूर्खच राहणार. दुपारचे तीन वाजले, मी विचारलं काय करतोस, तर म्हणे शर्यत ऐकतोय, सकाळपासून पोटात काही नाही, गोदाम सोडता येत नाही. मला राग आला. या माणसाला जेवायची आठवण करायला सुद्धा कोणीतरी लागतं. मी तिथल्या तिथे लिहिलं, "तीन वाजले आणि अजून जेवला नाहीत? जेवून घ्या सुमेर्से, मग शर्यत ऐका. पोटात आग पडली की रात्रभर कण्हत बसाल."

पाठवलं. बराच वेळ उत्तर नाही. मग एवढंच आलं, "हो."

जेवायला गेला असेल.

बुधवार, २८ मे

दोन दिवस गप्प होता. मला वाटलं मासा सुटला. आज आला, आणि एवढं मोठं लिहिलं की मला वाचायला वेळ लागला.

लिहितो, रविवारी जेवलो. गोदामाच्या कोपऱ्यावर एक बाई काल्दो करते, पण तिचा पाणचट असतो, कोथिंबीर शिळी. मग लिहितो, इथे पहाटे फार थंडी पडते, रुआना घरी राहिली आहे, मुद्दाम ठेवून आलो होतो, काहीतरी राहावं म्हणून. आणि शेवटी लिहितो, "सुमेर्से कशा आहात?"

सुमेर्से! किनाऱ्याच्या बाईला! ती काय समजणार? मूर्ख कुठला. दोन गोड शब्द मिळाले की आपला कुठला शब्द कुणाला द्यायचा हेसुद्धा कळत नाही. माझा शब्द एका पाठमोऱ्या बाईला देऊन टाकला.

मी यादिराचं रूप सोडलं नाही. लिहिलं, "मजेत रे."

तो म्हणाला, "बरं. मजेत राहा सुमेर्से."

रविवार, १ जून

आज इटलीची शर्यत संपली. त्याचा तो बोयाकाचा पोरगा हरला म्हणे. मी म्हटलं आता विचारूनच घ्यावं. लिहिलं, "तुझी बायको कशाने मेली रे?"

त्याने लिहिलं, "मेली नाही. मीच निघून आलो. विधुर लिहिलं की कोणी खोदून विचारत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे रागाने.

मग विचारलं का निघून आलास. उत्तर इथे उतरवून ठेवते, कारण फोनवरचं पुसलं जातं. "सुमेर्से, पोलादाच्या भट्टीवर तीस वर्षं काढली, आवाजाने डावा कान तिथेच राहिला. ती जेवताना माझ्या डावीकडे बसायची, चूल त्या बाजूला होती म्हणून. तिचं अर्धं बोलणं मला ऐकू यायचं नाही. तिला वाटायचं मी लक्ष देत नाही. मग ती गिऱ्हाइकांना म्हणायची, हे आमचं कपाट, बोलत नाही, ऐकत नाही, नुसती जागा अडवतं. लोक हसायचे. मीही हसायचो. एक दिवस वाटलं, कपाट काढलं तर तिला जागा तरी होईल."

बघा आता! गंमत केलेली कळत नाही. सगळे हसायचे, तोही हसायचा, स्वतःच लिहितोय. आणि कानाचं मला कधी नीट सांगितलं? नुसतं "हं?" करायचा. मला वाटायचं सोंग करतो.

मी लिहिलं, "स्वयंपाक बरा करायची का?"

"तिच्यासारखा काल्दो कुणाच्या हाताला नाही."

हे पंचवीस वर्षांत तोंडावर बोलला असता तर जीभ झिजली असती का?

मग त्याने विचारलं, "सुमेर्सेना काय वाटतं, मी परत गेलो तर ती पुन्हा कपाट म्हणेल का?"

मी विचार केला. त्याला पुरता गळाला लावायचा तर गोड बोलायला हवं. लिहिलं, "कोणती शहाणी बाई म्हणेल? नाही म्हणणार."

त्याने विचारलं, "नक्की?"

"नक्की."

मंगळवार, ३ जून

ठरलं. रविवारी पाइपाच्या तळ्यावर, होड्या लागतात तिथल्या बाकावर. मी म्हटलं भेटू या, तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच? एका पाठमोऱ्या बाईसाठी? माझ्याबरोबर कुठे जायचं म्हटलं की त्याला कान दुखायचा.

वर लिहितो, "तळ्यावर वारा असतो. गुडघ्याला गरम काहीतरी बांधून या." किनाऱ्याची बाई आहे, थंडी सोसणार नाही, म्हणून एवढी काळजी. माझा गुडघा इतकी वर्षं ठणकतोय, त्याचं कोणाला काही नाही.

निदियाला म्हटलं चल, फोनमध्ये सगळं धर. ती नाही म्हणाली. "मावशी, मला नाही आवडत हे. एकटी जा. आणि आधी त्यांना बोलू दे."

एकटी कशाला जाऊ? कोणी बघितलं नाही तर पकडण्याला अर्थ काय? कुस्तोदियाला विचारलं. ती टोपली टाकून तयार.

रविवार, ८ जून, संध्याकाळ

हात अजून गार आहेत. तरी लिहिते.

केस करून घेतले होते. कुस्तोदिया बसमध्ये म्हणाली, "थोबाडीत द्यायला चाललीस का लग्नाला?" मी म्हटलं, शत्रूपुढे अवतारात जाऊ नये. रुआनाही पिशवीत घेतली होती. त्याच्या तोंडावर फेकायला. आदल्या दिवशी उन्हात टाकून झटकून घेतली, धूळ खात पडली होती असं वाटायला नको.

तो आधीच आलेला. बाकावर बसलेला, पांढरा सदरा, इस्त्री वाकडी. वाळलाय. शेजारी दोन पेले, गरम गुळाच्या पाण्याचे, एकात चीज घातलेलं आणि एक नुसतं. मला गुळाच्या पाण्यात चीज चालत नाही. यादिरालाही चालत नसेल. पायाशी मोठी पिशवी, गच्च भरलेली. आणि पिशवीच्या तोंडातून रेडिओची काडी वर आलेली.

म्हणजे तयारीनिशी आला होता! पहिल्याच भेटीत तिच्याबरोबर राहायलाच निघाला होता! माझं डोकंच फिरलं.

त्याने मला येताना बघितलं. दचकला नाही. पळालाही नाही. उठून उभा राहिला, मग परत बसून बाकावर डावीकडे सरकला, उजवीकडची जागा हाताने पुसली आणि म्हणाला, "आलात सुमेर्से. बसा."

मी म्हटलं, "कोणाची वाट बघताय? तुमची यादिरा समुद्रात बुडाली!"

तो म्हणाला, "मला माहीत आहे..."

"काय माहीत आहे तुम्हाला? कपाटाला काय माहीत असतं?"

मागून कुस्तोदिया फसकन हसली. मोठ्याने. होडीवाले वळून बघायला लागले. तिच्याकडे त्याचं तोवर लक्षच नव्हतं. आता गेलं. तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता भांडेल. मला वाटत होतं की भांडावं. माझ्याकडे उत्तरं तयार होती, बसमध्ये सगळी जुळवली होती.

हसला तो. तसाच, गिऱ्हाइकांपुढे हसायचा तसा. पिशवी उचलली. म्हणाला, "पाणी गार होईल, पिऊन घ्या." आणि सोगामोसोच्या बसकडे चालत गेला. मी ओरडले मागून, दोनदा. त्या कानाने ऐकलं नसेल.

कुस्तोदिया म्हणाली, "काय मारलास गं टोला!" आणि चीजवालं गूळपाणी पिऊन टाकलं. दुसरं मी प्यायले. टाकवत नाही.

पकडलाच शेवटी. मी जिंकले.

रुआना फेकायची राहिली. परत खिळ्यावर आहे.

मंगळवार, १० जून

मंडईत दोन दिवस माझाच विषय. कुस्तोदिया रोज नव्याने सांगते, आता तिच्या गोष्टीत मी त्याला तळ्यात ढकललंय. गिऱ्हाइकं हसतात, जास्तीचा काल्दो मागतात. आज एकाने विचारलं, "एदेल्मिरा, कपाट मग कुठे ठेवलंत?" मी त्याच्या वाटीत नुसतं पाणी ओतलं.

एक गोष्ट डोक्यात बसलीय. परक्या बाईला पहिल्यांदा भेटायला जाताना कोणी रेडिओ नेतं का?

निदियाला विचारलं. ती उत्तर द्यायच्या आधी म्हणाली, फोन दाखव. सगळं वाचून काढलं, अगदी पहिल्यापासून. एका ठिकाणी थांबली आणि फोन माझ्यापुढे धरला. पंचवीस तारखेचं.

"मावशी, सांता मार्ताची बाई कधी सुमेर्से म्हणते का?"

मी म्हटलं, "घाईत लिहिलं. जेवला नव्हता तो."

"आणि यानंतर काकांनी एकदा तरी तू म्हटलंय का? बघ. एकदाही नाही. गुडघ्याचं तू कधी लिहिलं होतंस त्यांना?"

मी म्हटलं, तुला कॉलेजात हेच शिकवतात का, मोठ्यांची उलटतपासणी घ्यायला? तुझ्या आईला सांगते. जा घरी. भांडी मी घासते.

ती गेली. दारात थांबून म्हणाली, "नक्की, असं लिहिलंयस तू मावशी. दोनदा."

एकदाच लिहिलंय. मी वही बघितली. एकदा "नाही म्हणणार" आणि एकदा "नक्की". दोनदा कुठे?

शनिवार, १४ जून

आज काल्दो लागला. बूड जळलं. आयुष्यात पहिल्यांदा. कुस्तोदिया नाक धरून काहीतरी बोलली. मी तिला सगळ्या रांगेपुढे सांगितलं की तुझं थोबाड बंद ठेव, नाहीतर डाव ओतेन. आता ती बोलत नाही. बोलू नये.

दुपारी घरी चुलीजवळ माझ्या जागेवर बसले. मग उठून त्याच्या जागेवर बसून बघितलं. खरंच, चूल डावीकडे येते.

देवाचं ॲप उघडलं. निदिया नव्हती, माझं मीच. यादिराच्या नावाने लिहिलं, आता दुसरं नाव कुठून आणू. "सुमेर्से, जेवलात का?"

गेलं नाही. ॲप म्हणतं, हा माणूस आता इथे नाही. त्याचा फोटोही गेला, पायऱ्या गेल्या, त्याच्याबरोबर माझा हातही गेला.

खाली विचारतं, तुमच्या जवळपासचे आणखी पुरुष दाखवू का?

म्हटलं, दाखव.

बसले ढकलत, एकामागून एक. तोंडं बघत नव्हते. खांदे बघत होते.